शनिवारचं पान

१

चांगुणा गेली तो दोन हजार सातच्या फेब्रुवारीतला रविवार होता. बाळंतपणाला ती माहेरी आली होती. हिंगोलीच्या एका खाजगी दवाखान्यात पहाटे तिला मुलगी झाली. लेकरू ठणठणीत होतं. सकाळी दहाच्या सुमारास मात्र आईचा रक्तस्राव वाढला आणि काही केल्या थांबेना. डॉक्टरांनी तिचा थोरला भाऊ नरसिंग याला बाजूला घेऊन सांगितलं की हिचा गट ओ निगेटिव्ह आहे, फार थोड्यांचा असतो. नांदेडहून पिशवी मागवली आहे, पण ती यायला तीन-चार तास लागतील. तोवर गावात कोणी दाता मिळतो का बघा.

नरसिंग साखरा गावचा, कोरडवाहू शेती करणारा. हिंगोलीत त्याची कुणाशी फारशी ओळख नव्हती. दवाखान्यातल्या कंपाउंडरने त्याला ओंजळ रक्तदाता मंडळाचं नाव सांगितलं. रविवार असल्यामुळे मंडळाच्या खोलीला कुलूप होतं आणि फोन नुसता वाजत होता. पण दाराच्या पाटीवर लिहिलं होतं की दात्यांची यादी इंटरनेटवर केव्हाही पाहता येईल. तो धावत एसटी स्टँडसमोरच्या इंटरनेट कॅफेत गेला. तिथल्या माणसाने मंडळाचं पान उघडून दिलं. पडद्यावर एकच ओळ आली : ओ निगेटिव्ह, सध्या एकही दाता उपलब्ध नाही.

नरसिंगने त्या पानाची छापील प्रत काढून घेतली. का घेतली हे त्याला पुढे कधी सांगता आलं नाही. बहुधा हातात काहीतरी घेऊन दवाखान्यात परतायचं होतं.

नांदेडची पिशवी साडेतीनला आली. चांगुणा सव्वातीनला गेली होती. तिचं वय चोवीस.

सोमवारी सकाळी दहाला नरसिंग मंडळाच्या खोलीत जाऊन उभा राहिला. भांडायला आला नव्हता. एवढ्या मोठ्या जिल्ह्यात त्या गटाचा एकही माणूस नाही हे त्याला कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. तिथल्या ऑपरेटर मुलीने त्याच्यासमोर तेच पान उघडलं. त्यावर नाव होतं. उत्तमसिंग राठोड, ओ निगेटिव्ह, हिंगोली. खाली फोन नंबर.

नरसिंगने खिशातला कागद पडद्याशेजारी धरला.

“काल न्हवतं,” तो म्हणाला. “आज कुठून आलं?”



२

उत्तमसिंग हा एसटी डेपोत मेकॅनिक. त्याने तोवर अकरा वेळा रक्त दिलं होतं. पण शुक्रवारी तो मंडळात येऊन ऑपरेटरशी बराच वेळ बोलताना दोघा-तिघांनी पाहिला होता आणि रविवारी त्याची सुट्टी होती. गावाला एवढं पुरेसं झालं. सुट्टीच्या दिवशी कुणी बोलावू नये म्हणून त्याने नाव काढायला लावलं, सोमवारी परत टाकायला लावलं, असं जो तो सांगू लागला. नरसिंगने डेपोत जाऊन, सगळ्या कामगारांदेखत त्याच्या तोंडात मारली. उत्तमसिंगने हात उचलला नाही. हात उचलला नाही म्हणजे मनात पाप आहे, असाही अर्थ लोकांनी काढला.

महिनाभराने उत्तमसिंगची बायको पारुबाई करुणा पाईकरावांच्या दारात आली. करुणा तंत्रनिकेतनात कंप्युटर शिकवायच्या आणि पारुबाई तिथल्याच वसतिगृहाच्या मेसमध्ये पोळ्या लाटायची. रोज दिसणारी बाई, पण घरी कधी आलेली नव्हती. चहा नको म्हणाली आणि दाराशीच बसली. नवऱ्याचं सगळं सांगितलं. डेपोत त्याच्याबरोबर आता कोणी डबा खात नाही. घरी आला की भिंतीकडं तोंड करून पडतो.

“मॅडम, त्यानं नाव काढलं असंल तर तसं सांगा,” ती म्हणाली. “मी सोसीन. पर खरं काय ते एकडाव बघा. तुमाला त्यातलं कळतं.”

करुणाबाई पोलीस नव्हत्या. पण पारुबाईने नवऱ्याला निर्दोष ठरवा म्हटलं नव्हतं, खरं बघा म्हटलं होतं. ते त्यांना टाळता आलं नाही.

त्या आधी उत्तमसिंगला भेटल्या. शुक्रवारी कशाला गेला होता, या प्रश्नावर तो म्हणाला की नवा मोबाइल घेतला होता, त्याचा नंबर लिहून द्यायला गेलो होतो. ऑपरेटरने नंबर नोंदवून घेतला, मुलाबाळांची चौकशी केली, एवढंच. रविवारी कुठे होता? घरी. मोबाइल चालू होता? होता. त्याचं घर दवाखान्यापासून चालत सात मिनिटांवर होतं.

“रक्त देऊन नव्वद दिवस झाल्याबिगर पुन्हा घेत न्हाईत,” तो म्हणाला. “माझे शनिवारी भरले. म्या मोजून राहिलो व्हतो, मॅडम. लग्नाचे दिस मोजावं तसं.”

मग नरसिंग. दर मंगळवारी तो भाचीला दाखवायला हिंगोलीत येतो असं कळलं. करुणाबाईंनी त्याला स्टँडवर गाठलं. तो कडवट बोलला. तुमी त्याच्याकडून आलात का, असं विचारलं. पण कागद दाखवला. घडीवर घडी पडून तो फाटायला आला होता. खाली कोपऱ्यात कॅफेच्या यंत्राने छापलेली वेळ होती : रविवार, अकरा सत्तेचाळीस. आणि पानाच्या तळाशी, मंडळ प्रत्येक पानावर टाकत असे ती बारीक ओळ होती : एकूण नोंदणीकृत दाते ४१२.

करुणाबाईंनी दोन्ही आकडे वहीत उतरवून घेतले. दुसऱ्याचा अर्थ त्यांना तेव्हा कळला नव्हता.

३

मंडळाचे सचिव रविंद्र सोनुने कापडाचे दुकानदार होते. बारा वर्षांपूर्वी एका कागदी वहीवर त्यांनी दात्यांची यादी सुरू केली होती आणि ती वही अजून कपाटात जपून ठेवली होती. चौकशीचं नाव काढताच त्यांचा चेहरा पडला, तरी ते नीट बोलले. करुणाबाईंना त्यांच्या बोलण्यातून तीन गोष्टी समजल्या. यादीत फेरफार फक्त खोलीतल्या यंत्रावरून करता येतो, बाहेरून नाही. खोलीच्या किल्ल्या दोनच, एक त्यांच्याकडे आणि एक ऑपरेटर प्रतिक्षाकडे. आणि त्या रविवारी ते स्वतः वसमतला लग्नात होते.

प्रतिक्षा करुणाबाईंचीच जुनी विद्यार्थिनी. दोन वर्षांपूर्वी पहिल्या वर्गात पास झालेली, पगार नावापुरता असूनही या कामावर जीव टाकणारी मुलगी. तिने मॅडमना खुर्ची दिली, पण नजर दिली नाही. रविवारी मी घरी होते, एवढंच म्हणाली.

खाली जिन्यापाशी कोंडीबा नावाचा म्हातारा राखणदार बसायचा. त्या रविवारी वर कोणी गेलं का, असं विचारल्यावर त्याने ठाम मान हलवली. एक माणूस आला होता, कुलूप बघून पळत गेला. तोच. दुसरं कोणी नाही.

म्हणजे कुलूपबंद खोली, आत कोणी गेलं नाही, बाहेरून काही करता येत नाही. आणि तरीही एका माणसाचं नाव रविवारी नव्हतं आणि सोमवारी होतं. करुणाबाई परत वर गेल्या. उगाच काहीतरी बघायचं म्हणून शिबिरांचं रजिस्टर चाळू लागल्या. शेवटचं शिबीर त्याच शनिवारी झालेलं. एकोणीस नवे दाते. समोर प्रतिक्षाची सही आणि शेरा : सर्व नोंदी संध्याकाळी सात वाजता यंत्रात भरल्या, एकूण ४३१.

त्यांनी वही काढली. शनिवारी सातनंतर यंत्रात चारशे एकतीस दाते होते. मग रविवारी पावणेबाराच्या पानावर चारशे बारा कसे?

एक नाव काढता येतं. एकोणीस माणसं एका रात्रीसाठी कोण काढून ठेवील?

४

“प्रतिक्षा, सर्व्हरचे लॉग दाखव,” करुणाबाई म्हणाल्या.

यंत्र कोपऱ्यात होतं, कुणीतरी दान दिलेलं, जुनं. त्यात दोन नोंदी राहत. एक दारावरची : कोणतं पान कुणी किती वाजता मागितलं. दुसरी आतली : पान बांधणारा प्रोग्राम किती वाजता चालला. पान मागितलं की दारावर ओळ पडायची आणि पाठोपाठ आतही. करुणाबाईंनी रविवार अकरा सत्तेचाळीस शोधलं. दारावरच्या नोंदीत नरसिंगने मागितलेलं पान होतं, अगदी मिनिटाला मिनिट. आतल्या नोंदीत त्या वेळी काहीच नव्हतं. प्रोग्राम चाललाच नव्हता.

त्या मागे मागे जात राहिल्या. ओ निगेटिव्हचं पान प्रोग्रामने शेवटचं बांधलं होतं शनिवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. कुणीतरी, कुठून तरी, ते उघडून पाहिलं होतं.

नरसिंगच्या हातातलं पान खोटं नव्हतं. ते शनिवारचं होतं. शनिवारी दुपारी नवे एकोणीस जण नोंदले गेले नव्हते, म्हणून चारशे बारा. शनिवारी उत्तमसिंगचा नव्वदावा दिवस होता, म्हणून, दिवस न भरलेल्या प्रत्येकाला लपवायचा तसं, प्रोग्रामने त्याचं नाव लपवलं होतं; रविवार उजाडताच ते आपोआप दिसायला हवं होतं आणि यादीत ते दिसण्यासाठी तयारही होतं. पण यादीला कुणी विचारलंच नाही. सर्व्हरने नरसिंगला आदल्या दिवशीची जपून ठेवलेली प्रत दिली.

कुणीही नाव काढलं नव्हतं.

राहिला प्रश्न, ही प्रत जपून ठेवायला सांगितलं कुणी? करुणाबाईंनी सर्व्हरच्या सेटिंगची फाइल उघडली. साठवणीबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. पण फाइल शेवटची बदलल्याची वेळ तिथेच दिसत होती : सोमवार, सकाळी दहा चाळीस. नरसिंग खोलीतून बाहेर पडून तेव्हा अर्धा तासही झाला नसेल.

“सोमवारी इथून काय पुसलंस?” त्यांनी मागे न वळता विचारलं.

त्यांनी वळून पाहिलं तर प्रतिक्षा भिंतीला टेकून खाली बसली होती आणि दारात रविंद्र सोनुने उभे होते.

५

“तिला काही म्हणू नका,” सोनुने म्हणाले. “मी पुसायला लावलं.”

मग जे घडलं ते दोघांच्या बोलण्यातून तुकड्यातुकड्यांनी बाहेर आलं. पूर्वी कुणी पान मागितलं की सर्व्हर तो प्रोग्राम नव्याने सुरू करायचा. प्रोग्राम उठायचा, यादी चाळायचा, पान बांधून द्यायचा आणि बंद व्हायचा. पुढच्या माणसासाठी पुन्हा पहिल्यापासून. दहा जणांनी एकदम मागितलं की दहा प्रोग्राम एकदम उठायचे आणि जुन्या यंत्राला धाप लागायची. एकेका पानाला दीड मिनिट. आदल्या पावसाळ्यात एका बापाने कंटाळून पान बंद केलं आणि तो दुसरीकडे धावला होता. त्याचा मुलगा वाचला, पण प्रतिक्षाच्या मनाला ते लागून राहिलं.

डिसेंबरात तिने दोन बदल केले. प्रोग्राम कायम जागा ठेवला, म्हणजे दरवेळी उठवायला नको. तेवढ्यानेच पान दहा सेकंदांवर आलं. तिचं समाधान झालं नाही. म्हणून दुसरा बदल : एकदा बांधलेलं पान सर्व्हरने चोवीस तास जपून ठेवायचं आणि तेच कुणी मागितलं तर प्रोग्रामला न विचारता द्यायचं. पान एका सेकंदात यायला लागलं. सोनुनेंनी तिला पेढे दिले होते.

सोमवारी नरसिंगने कागद पडद्याशेजारी धरला तेव्हाच तिला सगळं उमगलं. तो गेल्यावर तिने सोनुनेंना सांगितलं. मंडळ बंद पडेल, बारा वर्षांत जगलेली माणसं कुणाला आठवणार नाहीत, हे एकच आठवेल, असं त्यांना वाटलं. सेटिंगमधली ती ओळ पुसून टाक आणि गप्प राहा, असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी उत्तमसिंगला मार बसल्याचं कळलं. बोलायची वेळ तेव्हाही होती. तेव्हाही ते बोलले नाहीत.

“आज बोलू, उद्या बोलू असं करत महिना गेला,” सोनुने म्हणाले. “रोज दुकान उघडताना वाटायचं, आज जावं डेपोत.”

करुणाबाईंना राग आला होता. त्यांनी प्रतिक्षाला विचारलं की असली ओळ टाकताना तू काय वाचून टाकलीस, कुणाला विचारलंस तरी का. प्रतिक्षा उठली. टेबलाच्या खणातून झेरॉक्सचा एक गठ्ठा काढून तिने मॅडमच्या हातात दिला.

अक्षर करुणाबाईंचं होतं. त्यांच्याच नोट्स, तिसऱ्या वर्षाच्या, दरसाल वाटल्या जाणाऱ्या. सर्व्हरवरचा भार कमी करण्याचे उपाय. चौथा उपाय अधोरेखित केलेला : वारंवार मागितली जाणारी पानं साठवून ठेवावीत. खाली तीच ओळ, जशीच्या तशी, चोवीस तासांच्या मुदतीसकट. कोणती पानं कधीच साठवू नयेत, याबद्दल त्या कागदावर एक शब्दही नव्हता. सहा वर्षं त्या हेच वाटत आल्या होत्या आणि शब्द राहिला आहे हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

त्यांनी गठ्ठा मिटला. रागवायला आता समोर कोणीच उरलं नव्हतं.

६

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत रविंद्र सोनुने डेपोत गेले आणि सगळ्या कामगारांसमोर उभं राहून त्यांनी झालं ते सांगितलं. कुणी शिव्या दिल्या, कुणी उठून गेलं. उत्तमसिंगने ऐकून घेतलं आणि पुन्हा गाडीखाली शिरला. सोनुनेंनी त्याच आठवड्यात सचिवपद सोडलं. त्यांनी करुणाबाईंबरोबर साखऱ्याला यायची तयारी दाखवली होती, पण ऐनवेळी स्टँडवर आले नाहीत.

आली ती प्रतिक्षा. तिला कुणी ये म्हटलं नव्हतं. आणि उत्तमसिंग आला, कारण पारुबाईने त्याला पाठवलं. त्या माणसानं तुझ्या तोंडावर मारलं, तर त्याला तुझं तोंड दिसू दे, असं ती म्हणाली होती.

सेनगावला गाडी बदलून ते तिघं दुपारी पोचले. कापूस निघून गेलेली रानं उघडी पडली होती. नरसिंगची आई सुमनबाई ओसरीत नातीला मांडीवर घेऊन बसली होती. उत्तमसिंगला पाहताच नरसिंग ताडकन उठला. करुणाबाई मध्ये उभ्या राहिल्या आणि त्यांनी तो उभा असतानाच सांगायला सुरुवात केली. सोपं करून सांगितलं, पण काही गाळलं नाही. प्रतिक्षाचं नाव आलं तेव्हा ती पुढे झाली आणि खाली मान घालून म्हणाली की ते मीच केलं. नोट्सची गोष्ट आली तेव्हा करुणाबाई थांबल्या, आणि मग तीही सांगितली.

नरसिंग हळूहळू खाली बसला. मग त्याने उत्तमसिंगला विचारलं, “त्या दिशी फोन लागला असता तर?”

“घरीच व्हतो,” उत्तमसिंग म्हणाला. “आलो असतो.”

“किती वेळात?”

उत्तमसिंगला ते सांगायचं नव्हतं. नरसिंगने पुन्हा विचारलं.

“धाच मिंटात,” तो म्हणाला.

सुमनबाईने पदर तोंडाला लावला. प्रतिक्षा रडत होती, पण तिच्याकडे कुणी पाहिलं नाही, आणि तिची तशी अपेक्षाही नव्हती.

“महिनाभर ह्याच्यावर राग धरून जगलो मी,” नरसिंग करुणाबाईंना म्हणाला. “सकाळी उठायला तेवढंच व्हतं. आता कुणावर धरू?”

“माझ्यावर धरा,” करुणाबाई म्हणाल्या.

त्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग प्रतिक्षाकडे. “तुमी तर पान लवकर यावं म्हून केलं,” तो म्हणाला. त्यात माफी नव्हती. असलं काही आपल्या वाट्याला यावं याचा त्याला नुसता थकवा आला होता.

पाणी दिलं गेलं. तिघं प्यायले. मारल्याबद्दल नरसिंग एक शब्द बोलला नाही आणि उत्तमसिंगनेही तो विषय काढला नाही.

चारची बस फाट्यावर यायची होती. नरसिंग त्यांना पोचवायला आला, पण चार पावलं मागे राहून. बस दिसली तेव्हा तो उत्तमसिंगच्या जवळ गेला.

“लेकराचं रक्त तपासलं,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “तिचंबी तेच हाय. आईचं.”

उत्तमसिंग त्याच्याकडे पाहत राहिला.

“तुमचा नंबर सांगा.”

प्रतिक्षाने घाईघाईने पिशवीतून कागद काढला. नरसिंगने मान हलवली. कागद नको म्हणाला. उत्तमसिंगने सावकाश एकेक आकडा सांगितला आणि नरसिंगने तो त्याच्यामागून म्हटला. एकदा चुकला, पुन्हा पहिल्यापासून म्हटला. कंडक्टरने घंटी मारली. तिघं आत चढले.

करुणाबाईंनी खिडकीतून मागे पाहिलं. नरसिंग फाट्यावरच उभा होता. गाडी वळेपर्यंत त्याचे ओठ हलत होते.